विज्ञानाच्या तासाचा सामायिक ठेवा

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकाची दुसऱ्या तालुक्यात बदली होते, तेव्हा शाळेचे कपाट, सूक्ष्मदर्शक आणि भिंतीवरचे तक्ते जागेवरच राहतात. शिक्षकाबरोबर जाते ते त्याच्या मोबाइलमध्ये आणि डोक्यात साठलेले. कोणती चित्रफीत सातवीच्या मुलांना कळते, कोणता प्रयोग पावसाळ्यात फसतो, प्रकाशाच्या धड्यावर मुले नेमके काय चुकतात, हे सगळे त्याने दहा-बारा वर्षांत जमवलेले असते. नव्याने आलेली शिक्षिका पुन्हा पहिल्यापासून शोधू लागते. निवृत्तीच्या वेळी तर हा साठा कायमचाच हातातून जातो.

इंटरनेटमुळे शिकवण्याच्या साहित्याला तोटा उरलेला नाही. तरीही ही गळती थांबलेली नाही, कारण साहित्य मिळणे, ते जमवणे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशा रीतीने वाटणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी गोष्ट जमली की काय होते, याचे एक उत्तम उदाहरण पुण्यात घडले आहे.

आगकाडीपासून संकेतस्थळापर्यंत

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांमध्ये एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. महागड्या उपकरणांवाचून, गावात मिळणाऱ्या वस्तूंनी मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, ही त्यामागची कल्पना. पुण्यात टेल्कोमध्ये काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन या कार्यक्रमात सामील झाले. तिथे त्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांतून भूमिती शिकवण्याची युक्ती सापडली. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो. पुलाच्या आणि छपराच्या सांगाड्यात त्रिकोणच का दिसतात, हे मुलाला दोन मिनिटांत हाताने कळते.

राज्य शासनाने २००२ मध्ये होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. त्यातली खेळणी मात्र संपली नाहीत, कारण ती तोवर पुस्तकांमधून अनेक भारतीय भाषांत पोहोचली होती. पुढे गुप्ता पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. तिथल्या छोट्या गटाने टाकाऊ वस्तूंपासून बनणाऱ्या शेकडो खेळण्यांची छायाचित्रे, कृती आणि छोट्या चित्रफिती तयार करून संकेतस्थळावर ठेवल्या. त्या मराठी, हिंदी, इंग्रजी आणि इतर अनेक भाषांत आहेत. सोबत मुलांसाठीची हजारो पुस्तकेही आहेत. नाव नोंदवायची सक्ती नाही, पैसे नाहीत. उतरवून घ्यायचे आणि वापरायचे. गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या कामाची खरी पावती म्हणजे त्यांना कधीही न भेटलेल्या शिक्षकांनी आपापल्या वर्गात फिरवलेल्या मोटारी आणि उडवलेल्या भिंगऱ्या.

‘फुकट’ आणि ‘मुक्त’

याच सुमारास जगभर एक विचार मूळ धरत होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात ‘एमआयटी’ने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ हे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे पहिले परवाने आले. आपण तयार केलेली गोष्ट इतरांनी कोणत्या अटींवर वापरावी, हे लेखकाने आधीच सांगून ठेवण्याची ती सोपी पद्धत आहे.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. इंटरनेटवर फुकट दिसणारी प्रत्येक गोष्ट मुक्त नसते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी मुक्त साहित्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत: प्रत जवळ ठेवता आली पाहिजे, वापरता आली पाहिजे, बदलता आली पाहिजे, दुसऱ्या साहित्याशी जोडता आली पाहिजे आणि पुढे वाटता आली पाहिजे. नुसती बघता येणारी चित्रफीत फुकट असते. तिचे मराठी भाषांतर करून शेजारच्या शाळेला देण्याची परवानगी असेल, तर ती मुक्त. आदिवासी पाड्यावरच्या शाळेत शिकवणाऱ्याला हा फरक फार मोलाचा आहे, कारण त्याला उदाहरणे बदलावी लागतात, भाषा बदलावी लागते, कधी चित्रातली सफरचंदे काढून तिथे मोहाची फुले घालावी लागतात.

भारतात ‘एनसीईआरटी’ने ऑगस्ट २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक संसाधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले. ‘श्रेय द्या आणि बदललेले साहित्यही याच अटीवर पुढे द्या’, असा त्याचा परवाना आहे. २०१७ च्या शिक्षक दिनी ‘दीक्षा’ हा मंच आला. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले चौकोनी क्यूआर कोड याच मंचाकडे नेतात.

साठा म्हणजे संग्रह नव्हे

आज बहुतेक शिक्षकांचा साठा व्हॉट्सॲपच्या गटांत असतो. सकाळी आलेली उत्तम चित्रफीत संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या आणि शासकीय पत्रकांच्या खाली दबून जाते. सहा महिन्यांनी धडा येतो तेव्हा ती सापडत नाही. ‘कोणाकडे पचनसंस्थेचा व्हिडिओ आहे का?’ हा प्रश्न गटात दर वर्षी नव्याने येतो, आणि तीच चित्रफीत पुन्हा पाठवली जाते.

ग्रंथालयशास्त्राने हे कोडे फार पूर्वी सोडवले आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. वाचकाचा वेळ वाचवणे हा त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एका सूत्राचा गाभा होता. दोनच वर्षांनी त्यांनी वर्गीकरणाची नवी पद्धत आणली. एखादे पुस्तक एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याचे वेगवेगळे पैलू नोंदवायचे आणि कोणत्याही पैलूवरून ते शोधता यावे, अशी ती कल्पना. आजच्या भाषेत यालाच ‘टॅग’ म्हणतात.

शिक्षकांच्या गटाला यासाठी कोणतेही खास सॉफ्टवेअर लागत नाही. ऑनलाइन सामायिक तक्ता, म्हणजे अनेकांना एकाच वेळी भरता येणारी स्प्रेडशीट, पुरेशी आहे. एका ओळीत एक साहित्य; आणि रकाने सात-आठच: इयत्ता, धडा, संकल्पना, प्रकार (चित्रफीत, प्रयोग, प्रश्नसंच), भाषा, लागणारा वेळ, दुवा आणि परवाना. एवढ्यावर ‘आठवी, विद्युतधारा, प्रयोग, मराठी’ अशी चाळणी लावली की हवे ते दहा सेकंदांत समोर येते.

या सगळ्यांपेक्षा मोलाचा एक रकाना बहुधा राहून जातो. तो म्हणजे ‘वर्गात काय झाले?’

त्याची गरज साध्या विद्युत मोटारीवरून कळते. एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबर बँड, चुंबक आणि वार्निश लावलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढ्यात मोटार तयार होते. चित्रफितीत ती गरगर फिरते. वर्गात मात्र निम्म्या मुलांची जागच्या जागी थरथरून थांबते. कारण बारीक आहे. तारेच्या एका टोकाचे वार्निश पूर्ण खरवडायचे असते, दुसऱ्याचे फक्त अर्ध्या बाजूचे. त्यामुळे अर्ध्या फेरीत वीज वाहते आणि वेटोळ्याला धक्का बसतो. उरलेल्या अर्ध्या फेरीत वीज तुटते आणि वेटोळे आपल्या वेगावर पुढे जाते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर दुसऱ्या अर्ध्या फेरीत उलटा धक्का बसतो आणि वेटोळे मागे-पुढे डुलत राहते. ‘दुसरे टोक अर्धेच खरवडणे, मुले इथेच चुकतात’ ही एक ओळ जोडली, तर पुढच्या शिक्षिकेचा पूर्ण तास वाचतो.

चूकही तितक्याच वेगाने जाते

सामायिक साठ्याचा एक धोका असा की, बरोबर गोष्टीइतकीच चुकीची गोष्टही पसरते. जिभेचा नकाशा हे याचे प्रसिद्ध उदाहरण. टोकाला गोड, मागे कडू, कडांना खारट आणि आंबट, असे विभाग दाखवणारे चित्र अनेक पिढ्यांनी वहीत काढले आहे. ते चूक आहे. जर्मन संशोधक हेनिग यांनी १९०१ मध्ये जिभेच्या कडेने चवींची संवेदनशीलता मोजली, तेव्हा त्यांना जागेनुसार अगदी थोडा फरक दिसला होता. १९४२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांच्या ग्रंथात ही माहिती आलेखरूपाने आली. त्या आलेखावरून तो बारीक फरक फार मोठा असल्याचा समज झाला, आणि पुढे त्याचे ठळक विभाग झाले. प्रत्यक्षात स्वादकलिका असलेल्या जिभेच्या सर्व भागांना सगळ्या मूळ चवी कळतात.

हे पडताळायला प्रयोगशाळाही लागत नाही. कारल्याच्या रसात बुडवलेली स्वच्छ कापसाची काडी जिभेच्या टोकाला लावली की कडवटपणा कळतो. अट एकच: प्रत्येक मुलाला स्वतंत्र काडी, आणि ती पुन्हा रसात बुडवायची नाही. तरीही तो नकाशा सादरीकरणांमधून अजून फिरतो, कारण रंगीत चित्र सुबक दिसते आणि पुढे पाठवायला एक बोट पुरते.

आरोग्याच्या धड्यांत तर ही जबाबदारी आणखी वाढते. लसीकरण, मासिक पाळी, साप चावल्यावरचे प्रथमोपचार यांविषयी वर्गात दाखवलेली गोष्ट मूल घरी जाऊन सांगते, आणि ‘शाळेत सांगितले’ म्हटल्यावर घरचे तिच्यावर विश्वास ठेवतात. सर्पदंशाच्या जागी चीर देऊन विष चोखावे, असे दाखवणारी जुनी चित्रफीत म्हणूनच नुसती चुकीची नाही, तर घातक आहे. चीर देऊ नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, अवयव स्थिर ठेवावा आणि लगेच रुग्णालयात न्यावे, हा आजचा सल्ला आहे. सामायिक तक्त्यात ‘कोणी तपासले, केव्हा तपासले’ हे दोन रकाने असावेत ते यासाठी. आरोग्याचे साहित्य प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घेणे गावपातळीवरही अवघड नाही.

सुंदर म्हणजे उपयुक्त असे नाही

कोणते साहित्य ठेवावे, याबाबत शिकण्याच्या मानसशास्त्राकडून दोन धडे घेण्यासारखे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड मायर यांनी चित्र, आवाज आणि शब्द एकत्र आले की माणूस कसा शिकतो, यावर अनेक वर्षे प्रयोग केले. विषयाशी संबंध नसलेले संगीत, गमतीची चित्रे आणि मनोरंजक पण अवांतर माहिती काढून टाकली की शिकणे सुधारते, असे त्यांना आढळले. एका वेळी डोक्यात मावणाऱ्या गोष्टी थोड्या असतात. सजावटीने ती जागा अडवली, तर संकल्पनेला जागा उरत नाही.

दुसरा धडा रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगाचा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने पुन्हा न वाचता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे स्मरणातून ओढून काढण्याची धडपड हीच शिकण्याची मोठी पायरी आहे. शिक्षकांच्या गटांत मात्र चित्रफिती उदंड असतात आणि चांगले प्रश्न थोडे. प्रत्येक चित्रफितीसोबत दाखवण्याआधी विचारायचा एक आणि आठवड्याने विचारायचे दोन प्रश्न जोडले, तर साठ्याची किंमत वाढते.

मुलांना स्वतः बदल करून बघता येणारी साधनेही याच कारणाने उपयोगी ठरतात. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात विद्युत मंडळे, लंबक, आम्ल-आम्लारी अशा विषयांची आभासी प्रतिकृती मिळतात. त्यांतल्या अनेक मराठीतही आहेत, आणि त्या उतरवून घेऊन इंटरनेटविना चालवता येतात.

दुवे मरतात

ऑनलाइन साठ्याचा सर्वांत दुर्लक्षित आजार म्हणजे त्याचे आयुष्य. वेबवर ठेवले म्हणजे कायमचे राहिले, हा भ्रम आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. शिक्षकांना याचा फटका अनेकदा बसला आहे. जगभरच्या वर्गांनी वापरलेली ‘विकीस्पेसेस’ ही सेवा २०१८ मध्ये बंद झाली. ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘फ्लॅश’ तंत्रज्ञानाचा आधार संपला आणि त्यावर बनवलेली विज्ञानाची असंख्य सजीवचित्रे एका फटक्यात मुकी झाली. लांब दुवा छोटा करून देणारी गूगलची सेवा बंद होताना, २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुने छोटे दुवे चालणार नाहीत, असे जाहीर झाले होते. ओरड झाल्यावर वापरात असलेले दुवे राखण्याचा निर्णय झाला.

उपाय साधे आहेत. परवाना असेल तिथे दुव्याबरोबर मूळ फाइलची प्रतही ठेवावी. एक प्रत ऑनलाइन, एक शाळेच्या संगणकावर आणि एक वेगळ्या पेनड्राइव्हवर असावी. महत्त्वाचे वेबपान ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवता येते. मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा साध्या स्वरूपात असावा. आणि सामायिक फोल्डर एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर असू नये. ते खाते बंद पडले की सगळ्यांचा संग्रह जातो.

छापील क्यूआर कोडचेही हेच आहे. तो म्हणजे एक पत्ता. पत्त्यावरचे घर पडले की कोड निरुपयोगी. ‘दीक्षा’त यावर तोड आहे. पुस्तकातला कोड तोच राहतो आणि त्यामागचे साहित्य बदलता येते. कोडखाली छापलेली सहा अक्षरे टाइप करूनही तिथे पोहोचता येते, त्यामुळे कॅमेरा नीट चालत नसलेल्या फोनचीही सोय होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले होते. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

कायदा आणि मुले

वर्गात शिकवण्यासाठी साहित्याची प्रत काढण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. दिल्ली विद्यापीठातल्या छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध बड्या प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. पण वर्गापुरती प्रत काढणे वेगळे, आणि आख्खे पुस्तक सर्वांना दिसेल अशा ठिकाणी चढवणे वेगळे. दुसऱ्याचे काम घेताना नाव द्यावे, आणि आपले काम देताना परवाना लिहावा. न लिहिल्यास कायद्याने ते राखीवच मानले जाते, आणि पुढच्याला ते उघडपणे वापरता येत नाही.

प्रयोग करणाऱ्या मुलांच्या चित्रफिती टाकताना जास्त जपायला हवे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. प्रयोग दाखवायला हात पुरतात. चेहरा, नाव आणि शाळेचा गणवेश टाळता येतो.

परत देण्याची सवय

ज्या वाड्या-वस्त्यांवर नेट येत नाही, तिथेही सामायिक साठ्याचा उपयोग होतो. फक्त शेवटचा टप्पा कागदाचा असतो. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत पेनड्राइव्हवरून फाइली देता येतात. कृतीपत्रिका छापता येते. ‘किविक्स’सारख्या मोफत साधनाने आख्खा मराठी विकिपीडिया नेटविना चालवता येतो. आणि आगकाडीच्या त्रिकोणाला तर विजेचीही गरज नाही.

असे साठे टिकतात की आटतात, हे बहुधा एका सवयीवर ठरते. घेणारे शंभर आणि भरणारे दोन असतील, तर ते दोघे वर्षभरात थकतात. प्रत्येकाला नवे साहित्य बनवायला वेळ नसतो, आणि त्याची गरजही नसते. वापरून झाल्यावर दोन ओळी लिहिणे हीसुद्धा भर आहे: ‘दुवा चालत नाही’, ‘चाळीस मुलांच्या वर्गात जमले’, ‘पाचवीला जड गेले, सहावीला ठीक’, ‘चुंबक जुना होता म्हणून फसले’. यशाइतकीच फसलेल्या प्रयोगाची नोंद उपयोगी असते, आणि ती लिहायला दोन मिनिटे लागतात. प्रत्येक केंद्रातल्या दहा शिक्षकांनी महिन्याला एक नोंद केली, तरी वर्षाला एकशेवीस अनुभव जमतात. मग बदलीचा आदेश आला, तरी शाळेत मागे उरते ते केवळ रिकामे कपाट नसते.